गळ्याला माप, पायाला माया

तान्ह्या बाळाला झोपेत ऊब कशी द्यावी, हा प्रश्न प्रत्येक समाजाने आपापल्या हवामानाप्रमाणे, घरांच्या रचनेप्रमाणे आणि हाताशी असलेल्या कापडाप्रमाणे सोडवला आहे. महाराष्ट्रात त्याचे उत्तर दुपटे, कुंची आणि गोधडी या रूपांत मिळाले, तर युरोपातील थंड देशांत ते बाळाच्या अंगात घालायच्या पिशवीच्या रूपात मिळाले. ही पिशवी म्हणजे खांद्यापासून पावलांच्या खालपर्यंत पोहोचणारे, तळाशी पूर्ण बंद असलेले आणि बहुधा बिनबाह्यांचे झबलेच होय; त्यात बाळाचे हात व डोके बाहेर राहतात आणि पाय आत मोकळे राहतात. डच भाषेत तिला ‘ट्रॅपलझाक’, म्हणजे पाय झाडण्याची पिशवी, असे नाव आहे आणि त्या नावात वस्तूचे मर्म नेमके आले आहे, कारण पांघरूण लाथाडून देणाऱ्या जिवासाठी लाथाडता न येणारे पांघरूण, एवढाच तिचा मूळ हेतू आहे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ती ‘स्लीप सॅक’ म्हणून विकली जाते. पुढील विवेचनात तिला झोपपिशवी म्हटले आहे.

मराठी घरांत ही वस्तू शिरली ती मुख्यतः परदेशातील बाळंतपणांच्या वाटेने. न्यू जर्सी, टोरांटो किंवा लंडन येथे लेकीच्या अथवा सुनेच्या बाळंतपणाला निघालेली आजी झबली, टोपडी, दुपटी आणि गोधडी असा बाळंतविडा बांधून नेते, आणि तिथे तिला सांगितले जाते की बाळाच्या पाळण्यात सुटे कापड म्हणून काहीही ठेवायचे नाही. शिवणकाम येणारी आजी अशा वेळी स्वस्थ बसत नाही. दुपटे चालत नसेल तर पिशवी घरीच शिवू, असे ती म्हणते. खरा वाद इथून पुढे सुरू होतो. त्याच्या दोन बाजू मांडण्यासाठी येथे दोन कल्पित व्यक्ती योजल्या आहेत : एक, अनेक वर्षे शिवणवर्ग चालवलेल्या बाई आणि दुसऱ्या, बालरोगतज्ज्ञ असलेल्या डॉक्टर. व्यक्ती कल्पित असल्या तरी त्यांची मते घराघरांत ऐकू येणारी आहेत. बाईंचा पक्ष आधी ऐकणे उचित ठरेल, कारण पिशवीची बाजू छापील पत्रकांतून सर्वत्र पोहोचते, दुपट्याची बाजू मात्र सहसा कोणी लिहून ठेवत नाही.

बाई : “दुपट्याला शिवण जवळजवळ नसतेच, डॉक्टर, आणि तोच त्याचा गुण आहे. जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे दोन पदर एकावर एक ठेवून कडेने टीप मारली की दुपटे तयार होते. ते बाळ आठवड्याचे असताना पुरते आणि सहा महिन्यांचे झाल्यावरही पुरते, कारण माप कापडात नसते, गुंडाळणाऱ्या हातात असते. शेकडो वेळा धुतलेल्या त्या सुती कापडातली खळ आणि कच्चा रंग केव्हाच निघून गेलेला असतो, ते आटायचे तेवढे आटून झालेले असते आणि त्याचा मऊपणा दुकानातल्या कोऱ्या कापडाला कितीही पैसे मोजले तरी येत नाही. ओले झाले की सोडले आणि दुसरे घेतले, इतके ते सोपे असते. पिशवी ओली झाली की झोपलेल्या बाळाला उठवून सगळेच उतरवावे लागते. शिवाय मोकळ्या हातांचे बाळ दचकून उठते. दुपट्यात गुरगुटून बांधले की तेच बाळ दोन-तीन तास शांत झोपते, हे तुम्हीही पाहिलेच असेल.”

बाईंनी उल्लेखिलेल्या दचकण्याला वैद्यकात मोरो प्रतिक्षेप म्हणतात. प्रतिक्षेप म्हणजे इच्छेविना आपोआप घडणारी हालचाल. आधार सुटल्यासारखे वाटताच बाळ दोन्ही हात एकदम फाकवते आणि मग जवळ ओढते. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने 1918 मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत ती मावळते. तेव्हा बाळाला बांधण्याचा उपयोग खरा आहे, तथापि तो मुदतीचा आहे, आणि डॉक्टरांनी नेमका तोच धागा पकडला.

डॉक्टर : “पहिल्या दोन-तीन महिन्यांत, बाळाला पाठीवर निजवून, छातीपर्यंतच आणि नितंबांपाशी सैल ठेवून बांधले, तर त्याला आमचा विरोध नाही. मात्र बाळ कुशीवर वळण्याची खटपट करू लागले की बांधणे त्या दिवसापासून बंद झाले पाहिजे, कारण हात बांधलेले बाळ पालथे पडले तर त्याला तोंड वर उचलायला हातांचा आधारच उरत नाही. आणि नेमक्या याच वयात ते दुपटे लाथांनी सोडवूही शकते. सुटलेले दुपटे तोंडावर आले, तर ते बाजूला सारण्याचे कौशल्य त्या वयाच्या बाळाकडे भरवशाचे नसते.”

या भीतीमागे एक मोठा इतिहास आहे. वर्षाच्या आतले, वरवर निरोगी दिसणारे बाळ झोपेत दगावते आणि शवविच्छेदन व सर्व चौकशी करूनही कारण सापडत नाही, अशा मृत्यूला आकस्मिक अर्भकमृत्यू म्हणतात. बाळाला पालथे निजवणे, त्याचे डोके झाकले जाणे, मऊ गादी आणि अतिरिक्त ऊब यांचा या मृत्यूंशी संबंध असल्याचे 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट होऊ लागले. ब्रिटनमध्ये 1991 मध्ये बाळाला पाठीवर निजवण्याची मोठी मोहीम झाली, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 1992 मध्ये पालथे न निजवण्याची शिफारस केली आणि 1994 मध्ये तिथेही राष्ट्रव्यापी मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत तेथील असे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. पाठीवर निजवण्यापाठोपाठ सुटी पांघरुणे, उशा आणि तक्के पाळण्यातून हद्दपार झाले, आणि पांघरूण काढून घेतल्यावर थंडीचे काय, या प्रश्नाला झोपपिशवी हे तयार उत्तर मिळाले.

बाई : “ते सगळे त्यांच्या घरांचे झाले. आमच्याकडे दुपट्यातले बाळ एकटे कधी झोपले? बाळंतिणीच्या खोलीत आई असते, आजी असते, एखादी मावशी नाही तर आत्या असते. रात्रीतून चार वेळा कोणाचा तरी हात बाळाच्या अंगावरून फिरतो. पांघरूण सरकले तर सारखे होते, तोंडावर आले तर बाजूला होते. दुपटे म्हणजे नुसते कापड नव्हे, डॉक्टर, ते कापड आणि तो हात मिळून दुपटे होते.”

डॉक्टर : “तुमचे हे वाक्य आमच्या कोणत्याही पत्रकापेक्षा नेमके आहे, बाई, आणि म्हणूनच ते शेवटपर्यंत नेले पाहिजे. टोरांटोतल्या घरात बाळ आईवडिलांच्या खोलीत असले तरी वेगळ्या पाळण्यात असते. दोघेही दिवसभराच्या कामाने थकलेले असतात आणि सहा महिन्यांनी आजी परतते. हात गेला आणि कापड तेवढे उरले, तर उरलेले ते दुपटे राहत नाही. दुसरे असे की, जुन्या काळी दगावलेल्या बाळांच्या मृत्यूचे कारण कोणी बारकाईने लिहून ठेवले नाही. म्हणून दुपट्याने कधी काही झाले नाही, असे खात्रीने म्हणण्याचा अधिकार तुम्हालाही नाही आणि आम्हालाही नाही.”

वादाचा गाभा येथे आहे. दुपटे आणि झोपपिशवी यांतील भेद मागासलेपणा आणि प्रगती यांचा नाही, स्वस्त आणि महाग यांचाही नाही. रात्री बाळाजवळ कोण जागे असते, यावरून कापडाचा आकार ठरतो, असा हा भेद आहे. दुपटे हे राखणीतल्या बाळाचे वस्त्र आहे आणि झोपपिशवी हे राखणीविना काही तास काढणाऱ्या बाळाचे. पुण्या-मुंबईतील अनेक घरांतही आता रात्री बाळाजवळ दोनच थकलेली माणसे असतात. तेव्हा हा प्रश्न केवळ परदेशातला राहिलेला नाही.

पिशवीची कल्पना महाराष्ट्राला परकी आहे, असेही म्हणता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1995 ते 1998 या काळात 39 गावांत घरोघरच्या नवजात बालसेवेचा प्रयोग केला, ज्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गावातील प्रशिक्षित आरोग्यदूत कमी वजनाच्या, म्हणजे जन्मतः अडीच किलोंपेक्षा हलक्या, बाळांची ऊब टिकवण्यासाठी जे उपाय करीत, त्यांत टोपडे, कपडे आणि पांघरुणाबरोबर उबदार पिशवीही होती. तिथे पिशवीचे प्रयोजन निराळे होते : बाळ आईजवळच होते, धोका होता तो लहानग्या शरीराचे तापमान घसरण्याचा. एकच आकार दोन ठिकाणी दोन कारणांसाठी जन्मतो, हे लक्षात ठेवले तर झोपेत टोपडे घालावे की नाही, हा गोंधळही मिटतो. दीड-दोन किलोंच्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने टोपडे घालणे आवश्यक असते; पूर्ण वजनाच्या, घरी आलेल्या बाळाला मात्र झोपेत घरात टोपडे घालू नये, कारण तान्हे बाळ अंगातली जास्तीची उष्णता मुख्यतः डोक्यावाटे बाहेर टाकते, आणि हनुवटीखाली बांधलेली नाडी हा वेगळाच धोका असतो.

यानंतरचा संवाद प्रत्यक्ष शिवणीकडे वळला आणि तिथे बाईंचा अधिकार निर्विवाद होता. तरी पहिला मोठा मतभेदही तिथेच झाला. मराठी घरांत मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवण्याची पद्धत आहे. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला शिंपी ‘माया’ म्हणतात. मूल वाढले की ती माया उसवून कपडा मोठा करता येतो. बाईंनी पिशवीही याच न्यायाने, गळा, मुंढा, म्हणजे हात बाहेर काढायची जागा, आणि लांबी अशी तिन्हीकडे सैल बेतायची ठरवली होती.

डॉक्टर : “लांबीला हवी तेवढी माया ठेवा, बाई, पण गळ्याला आणि मुंढ्याला नको. पिशवी तळाशी बंद आहे; गळा सैल असला तर बाळ पाय झाडता झाडता आत घसरते आणि पिशवीचे तोंड त्याच्या नाकातोंडावर येते. म्हणजे ज्या धोक्यासाठी दुपटे काढले, तोच धोका आपण शिवून त्याच्या अंगात घातला, असे होते. युरोपात या पिशव्यांसाठी 2018 मध्ये ‘ईएन 16781’ हे स्वतंत्र मानक आले, त्यात गळ्याच्या आणि मुंढ्याच्या मापांवर बंधने आहेत. घरी शिवलेल्या पिशवीला कोणी तपासनीस येणार नाही, म्हणून तपासणी शिवणाऱ्यानेच करायची.”

बाई : “तपासणी कशी करायची ते सांगा, बेतणे आमच्यावर सोडा.”

डॉक्टर : “जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटीमीटर असतो. चेन आणि बटणे लावल्यावर गळ्याचा घेर त्याहून स्पष्टपणे कमी हवा, डोके त्यातून निसटता कामा नये. पिशवी घातल्यावर कापड आणि मान यांच्यामध्ये एक बोट जावे, मूठ जाऊ नये. मग खांद्यापाशी कापड धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर गेले तर पिशवी त्या बाळाला मोठी आहे, ती बाजूला ठेवावी. मुंढाही काखेत बेताचा बसला पाहिजे. हात आत ओढला जाईल किंवा हनुवटी शिरेल इतका मोठा नको.”

बाईंनी यावर जो तोडगा काढला तो कोणत्याही छापील नमुन्यात शोभावा असा होता. खांदा शिवून बंद करण्याऐवजी त्यांनी तो टिचबटणांनी जोडायचा ठरवला आणि मागच्या पट्टीवर बटणांच्या दोन जोड्या योजल्या, म्हणजे आज आतल्या जोडीने गळा-मुंढा आवळता येईल आणि तीन महिन्यांनी बाहेरच्या जोडीने सैल करता येईल. वाढीची खरी माया त्यांनी तळाला नेली : खांद्यापासून टाचेपर्यंतच्या मापात पाय हलवण्यासाठी 10 ते 12 सेंटीमीटर मिळवायचे, आणि त्याशिवाय परकराला घालतात तशी एक दुमड तळाच्या वर घालून ठेवायची, जी पुढे उसवता येईल. ही दुमड बाहेरच्या अंगाला घालायची, असे त्यांनी स्वतःच सांगितले, कारण आतल्या दुमडीत बोटे अडकतात.

बोटांचा विषय निघाला तेव्हा डॉक्टरांनी एका अशा अपघाताकडे लक्ष वेधले, जो शिवणाऱ्यांना क्वचितच ठाऊक असतो. कापडातून सुटलेला एखादा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, पाय झाडल्याने तो आवळत जातो आणि बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. बाळ रडते, पण बोट आत असल्याने कारण दिसत नाही. पिशवीत पाय रात्रभर झाकलेले राहतात, म्हणून तिची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा अधिक काळजीने शिवली पाहिजे : पूर्ण अस्तर द्यावे, सर्व कच्च्या कडा अस्तर आणि वरचे कापड यांच्यामध्ये बंद कराव्यात, आणि प्रत्येक वापराआधी पिशवी उलटी करून सुटे धागे कापावेत. गोधडीचा धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारी सरळ हातशिलाई, इथे आतून नको. त्याचे लांब टाके लहान बोटांना अडकतात. बाईंना धावदोरा सोडणे जड गेले. शेवटी तो केवळ वरच्या कापडावर, छातीच्या भागात, शोभेपुरता घालून अस्तराने झाकायचा, असे ठरले.

चेनीबाबत मतभेद नव्हता. धातूच्या चेनीपेक्षा नायलॉनची चेन घ्यावी, तिच्या मागे कापडाची पट्टी द्यावी म्हणजे कातडी चिमटत नाही, आणि वरच्या टोकाला धावक झाकणारा छोटा कप्पा शिवावा म्हणजे हनुवटी घासत नाही. जुने लुगडे चेनीचा ताण सोसत नाही, म्हणून तेवढ्या भागात नव्या पॉपलीनची पट्टी लागते, आणि ती आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावी लागते. नाही तर पहिल्या धुण्यात नवे कापड आटते, जुने तसेच राहते आणि गळा वेडावाकडा ओढला जातो. गळ्याला आणि मुंढ्याला उरेब पट्टी, म्हणजे तिरक्या विणीवर कापलेली पट्टी, लावावी, कारण ती वळणावर चुणी न पडता बसते. लेस, नाडी, मणी, गोंडे यांना पिशवीवर जागा नाही. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला गळ्यातला काळा दोराही झोपेपुरता काढून ठेवावा.

उबेच्या प्रश्नावर बाईंचा अनुभव आणि परदेशातील घर यांची गाठ पडली. दुकानातील पिशव्यांवर ‘टॉग’ नावाचा आकडा असतो. 1940 च्या दशकात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये हे एकक तयार झाले. कापडाच्या दोन बाजूंच्या तापमानात 0.1 अंश सेल्सिअसचा फरक असताना त्यातून दर चौरस मीटरला 1 वॅट उष्णता जात असेल, तर त्या कापडाची ऊब 1 टॉग. साधारणपणे 16 ते 20 अंशांच्या खोलीसाठी अडीच टॉगची, तर 24 अंशांच्या वर अर्ध्या टॉगची पिशवी सुचवली जाते.

बाई : “घरी शिवलेल्या पिशवीचा टॉग कोण मोजणार? चार पदर घातले की ऊब कळते, हाताला कळते.”

डॉक्टर : “हातालाच कळते, पण हात कुठे लावायचा ते महत्त्वाचे. बाळाचे तळवे गार असतात म्हणून आपण एक पदर वाढवतो, आणि तान्ह्या बाळाचे तळवे बहुधा गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावा. तिथे घाम किंवा तापलेपणा असेल तर एक पदर कमी करा. परदेशात बाहेर बर्फ असते, पण घर तापवलेले असते. खिडकीबाहेर पाहून पदर ठरवू नका, खोलीतल्या तापमापकावर ठरवा. आणि वजन घालून जड केलेल्या पिशव्या तर मुळीच नकोत. अमेरिकन अकादमीने 2022 मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली आहे. कापसाची जाड गोधडी पिशवीच्या आकारात शिवली तर तीही त्याच मार्गाने जाते.”

डॉक्टरांनी याच ओघात स्वतःच्या पक्षाची मर्यादाही मान्य केली. मुंबईत किंवा कोकणात वर्षाचे बहुतेक महिने बाळाला पातळ झबल्यापलीकडे काही लागत नाही. तिथे हौसेने घेतलेली पिशवी उपकारक नसून तापदायक ठरते, आणि डासांसाठी मच्छरदाणी पुरेशी असते. नाशिक, पुणे, महाबळेश्वर येथील थंडीच्या रात्री मात्र मलमलीचे अस्तर असलेली दोन पदरी सुती पिशवी उपयोगी पडते. पिशवी घातलेल्या बाळाला शेगडीजवळ नेऊ नये आणि धुरी देताना ती आधी काढावी, हे वेगळे सांगण्याची गरज आहे, कारण खाली लोंबणारे कापड विस्तव पटकन पकडते. लवदार फ्लॅनेल तर साध्या सुतापेक्षा भराभर पेटते आणि पॉलिएस्टरचे फ्लीस वितळून कातडीला चिकटते.

शेवटचा मुद्दा पायांचा. जपानमध्ये बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधण्याची रीत होती. 1975 च्या सुमारास ती सोडण्याची देशव्यापी मोहीम झाली आणि त्यानंतर बाळांचे खुब्याचे सांधे निखळण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. खुब्याची खोबण पहिल्या महिन्यांत घडत असते आणि मांड्या फाकलेल्या, गुडघे दुमडलेले असतील तर ती नीट घडते. हे ऐकताच बाईंनी विचारले की, मग कडेवर घेतलेले बाळ नेमके असेच बसते ना? डॉक्टरांचे उत्तर होकारार्थी होते; बाळाला कडेवर घेण्याची रीत असलेल्या समाजांत हा विकार कमी आढळतो, असे तज्ज्ञ मानतात. तेव्हा पिशवीचा तळ छातीच्या घेरापेक्षा बराच रुंद, परकराच्या घेरासारखा बेतावा, हे सूत्र दोघींनाही एकदम पटले.

गोधडी या व्यवस्थेतून बाहेर जात नाही. जागे बाळ पालथे ठेवल्यावर मान उचलायला शिकते, त्या वेळी जमिनीवर अंथरायला घट्ट शिवलेल्या पातळ गोधडीसारखे दुसरे काही नाही, आणि तेव्हा समोर बसलेले माणूस असतेच.

बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवे कपडे शिवू नयेत, असा संकेत अनेक मराठी घरांत अजून पाळला जातो. परदेशी निघणाऱ्या आजीला तो पाळणे कठीण असते, कारण यंत्र आणि कापड दोन्ही इकडे असतात. अशा प्रत्येकीला एवढीच विनंती आहे : अस्तर जोडावे, चेन बसवावी, तळ शिवून दुमड घालावी, उरेब पट्टी कापून सुई-दोऱ्यासह पिशवीत ठेवावी, गळा मात्र कापू नये. बाळ जन्मल्यावर त्याच्या मानेचे आणि डोक्याचे माप घ्यावे, आणि मगच कात्री लावावी.